गणित, कॉम्प्युटर, अर्थशास्त्र: तिन्ही घेऊ का?

मॅडम, नमस्कार.

मी सोलापूरची, पूर्व भागात आमचं घर. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, आई घरी टॉवेलच्या कडा शिवते. बारावीनंतर प्रवेश परीक्षा निघाली आणि बाहेरच्या एका मोठ्या निवासी विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळाला. निम्मी फी स्कॉलरशिपमधून जाते, उरलेल्या फीसाठी बँकेचं कर्ज काढलंय. पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आलेय. तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता ते लिहून द्यायचंय. मला गणित, कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्र तिन्ही आवडतात. हॉस्टेलमधली एक सीनियर दोन मेजर आणि एक मायनर, म्हणजे जोडविषय, करतेय, मग मी का नको? पण पहिल्या सेमिस्टरला माझा सीजीपीए ८.९ होता, दुसऱ्याला ८.१ झाला. स्कॉलरशिप टिकवायला ७.५ लागतो. मामा म्हणतात, गणित सोड, कॉम्प्युटर आणि इकॉनॉमिक्स घे, आणि शिवाय आयआयटी मद्रासची ऑनलाइन डिग्री जोडून टाक, आता दोन डिग्र्या चालतात. आई-बाबा गल्लीत सांगतायत, पोरगी चार वर्षांत तीन डिग्र्या घेऊन येणार. बाबा म्हणतात, ‘मी दोन माग चालवतो, तू दोन विषय चालव की.’ एखादा विषय सोडला आणि नंतर पश्चात्ताप झाला तर? काय करू?

तुमची,
एक विद्यार्थिनी, सोलापूर

*

बाळा,

तुझं पत्र पाच पानी आहे, वर जागेपुरतं दिलंय. मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळं मोजायची सवय आहे. अर्थशास्त्रावर तू सहा ओळी लिहिल्या आहेस, त्यातल्या चार पगाराबद्दल. कॉम्प्युटरवर पाऊण पान. गणितावर दीड पान, आणि त्यातलं निम्मं एकाच प्रसंगाबद्दल. अनुक्रमाच्या सीमेची एप्सिलॉनवाली सिद्धता तीन दिवस सुटली नाही, चौथ्या दिवशी मेसमध्ये पोळीचा घास हातात असताना सुटली, आणि तू ताट तसंच ठेवून खोलीवर पळालीस. पळताना चप्पल तुटली तेही लिहिलंस. या प्रसंगाकडं मी पुढं येणारच आहे.

आधी घरातला एक गैरसमज दूर करू. डबल मेजर केला तरी डिग्री एकच मिळते. एकाच पदवीवर दोन मुख्य विषयांची नावं येतात, इतकंच. मामा म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर वेळा एकमेकींवर यायला नकोत, किंवा एक वर्गातला आणि दुसरा दूरस्थ नाहीतर ऑनलाइन. त्यात प्रवेश दोन, फी दोन, परीक्षा दोन आणि डिग्र्याही दोन. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस चांगली आहे. घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी मुलांना तिचा आधार झालाय. पण तू तर पूर्णवेळ विद्यापीठात बसून कॉम्प्युटर सायन्सच शिकणार आहेस. बराचसा तोच अभ्यास रात्री पुन्हा पैसे भरून करायचं कारण मला दिसत नाही. तो विचार डोक्यातून काढ, मामांना मी असं म्हणाले म्हणून सांग.

आता हिशेब. यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला तो समोर ठेव. तुझ्या विद्यापीठाचे आकडे थोडे मागंपुढं असतील, पण अंदाज येईल. चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटांची; क्रेडिट म्हणजे कुठला पेपर किती वजनाचा ते मोजायचं माप. मुख्य विषयाची निदान निम्मी, म्हणजे ८०. दुसरा विषय मेजर म्हणून लागायचा तर त्याची निदान ४० टक्के, म्हणजे ६४. झाली १४४, उरली १६. त्यात भाषेची ८, कौशल्याच्या पेपरांची ९, इतर शाखांतल्या विषयांची ९, मूल्यशिक्षणाची निदान ६ आणि इंटर्नशिपची निदान २ बसवायची आहेत. ही झाली ३४. बेरीज १७८ वर गेली. शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प घ्यायचा असेल तर त्याची १२ आणखी, म्हणजे १९०. तिसऱ्या मेजरची ६४ यात मी धरलेलीच नाहीत.

मग मुलं डबल मेजर करतात कशी? विद्यापीठं यातून वाट काढतात. काही ठिकाणी एकच पेपर दोन्ही विषयांत धरतात, उदाहरणार्थ डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, लिनियर अल्जेब्रा, प्रॉबेबिलिटी. काही ठिकाणी जादा क्रेडिट घ्यायला लावतात, आणि काही मुलांना जास्तीचं एक सेमिस्टर बसावं लागतं. तुझ्याकडं यातलं काय चालतं, किती पेपर दोन्हीकडं धरतात, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तू ते अजून विचारलेलं नाहीस. सगळा निर्णय त्यावर फिरतो.

समज, काहीच दोन्हीकडं धरत नाहीत. तू दोन सेमिस्टरांत ४० क्रेडिटं केलीस. १९० पैकी राहिली १५०, सेमिस्टरं सहा, म्हणजे दर सेमिस्टरला २५. आत्तापर्यंत तू २० करत होतीस. कागदावर फरक पाचाचाच दिसतो. पण एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला एक तास, आणि अवघड विषयात त्या तासामागं खोलीवर किमान दोन तास. वीस क्रेडिटांना आठवड्याचे ६० तास लागतात, पंचवीसला ७५. आठवड्यात तास १६८. रोज सात तास झोपलीस तर ४९ गेले. उरले ४४, म्हणजे दिवसाला सहा तास आणि वर थोडी मिनिटं. त्यात जेवण, आंघोळ, कपडे, आईला फोन, आजारपण, मैत्रिणी, आणि नुसतं बसून विचार करणं. तुझी ती सिद्धता कुठल्या तासात सुटली, आठव. वेळापत्रकातल्या एकाही तासात नाही, जेवताना. पंचाहत्तर तासांच्या आठवड्यात ताटावर बसून तू पुढच्या असाइनमेंटची घाई करत असशील.

बाबांच्या दोन मागांचं बोलू. माझं लहानपण अशोक चौकाजवळ गेलं, आमच्या भिंतीपलीकडं माग होते, त्यामुळं बाबा काय करतात ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल फार आदर आहे. ते दोन माग चालवतात कारण दोन्हींवर बहुधा एकाच जातीचा माल असतो, आणि त्यांचा हात त्यावर वर्षानुवर्षं बसलेला आहे. आता एक गोष्ट त्यांना विचार. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला किंवा त्याची कांडी संपली तर काय होतं? माग आपोआप थांबतो. खटखट बंद पडली की पाठ फिरवलेली असली तरी कानाला कळतं. आणि ताण्यातला, म्हणजे उभा, एक धागा तुटला तर? जुना माग थांबत नाही. तो चालूच राहतो, आणि नजर दुसऱ्या मागावर असली तर हात-दोन हात कापडात बारीक रेघ उमटून जाते. ती नंतर कुणीतरी माल तपासताना दाखवतं, तोवर विणून झालेलं असतं.

तुझा सीजीपीए ८.९ वरून ८.१ झाला, तो डोळ्यांना दिसतो. त्याची मला फार काळजी नाही. पहिल्या वर्षी असं बऱ्याच जणांचं होतं, आणि तू ७.५ च्या बरीच वर आहेस. मला काळजी आहे ती ताण्याची. गणितात तिसऱ्या सेमिस्टरला जे अर्धवट समजतं त्यावर मार्क पडून जातात, कारण मागच्या वर्षांचे पेपर सोडवून पास होता येतं. पाचव्या सेमिस्टरला त्याच धाग्यावर पुढचं सगळं उभं असतं, आणि तेव्हा मागं जाऊन गाठ मारायला वेळ नसतो. जितके जास्त विषय, तितके असे न दिसणारे धागे जास्त. बाबांना हेही विचार, दोन्ही मागांवर एकाच दिवशी नवं डिझाइन चढवलं तर ते काय म्हणतील? तुझे सगळेच विषय अजून नवं डिझाइन आहेत.

माझा एक विद्यार्थी होता, नाव सांगत नाही. बारावीपर्यंत इथंच शिकला, मग बाहेर गेला आणि भौतिकशास्त्र व कॉम्प्युटर असे दोन मेजर घेतले. नापास कधी झाला नाही. शेवटच्या वर्षी परदेशी अर्ज करायला प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रं लागणार होती, तेव्हा तो माझ्याकडं आला. मी म्हटलं, अरे, तुझ्या विद्यापीठातल्या शिक्षकांकडून घे, मी तुला चार वर्षांत शिकवलेलं नाही. तो म्हणाला, मॅडम, तिथं मला नावानं ओळखणारं कुणी नाही. एका विभागातला तास संपला की तो दुसऱ्या विभागाकडं पळायचा. कुणाच्या केबिनमध्ये कधी बसला नाही, कुणाचा प्रकल्प केला नाही. दोन विभागांत होता आणि दोन्हींत पाहुण्यासारखा. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण पोरगा खरोखर हुशार होता. त्याला आधी कुणी हे सांगायला हवं होतं, म्हणून तुला इतकं लांबण लावून सांगतेय. ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवीसाठी पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात आणि एक मार्गदर्शक लागतो. टक्के तू मिळवशील. पण मार्गदर्शक तुला ओळखायला लागतो तो तास संपल्यावर तू तिथं रेंगाळलीस तरच.

डबल मेजर करूच नये असं माझं मत नाही. एका मुलीनं जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र असे दोन घेतले आणि फार छान केलं, कारण तिला ज्वारीच्या वाणांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचे होते. ते काम एका विषयानं होणारच नव्हतं. तिसऱ्या वर्षापासून तिचे दोन्ही विषय एकाच प्रश्नावर येऊन बसले. तसा प्रश्न तुझ्याकडं असला तर मी दोन मेजरांना लगेच हो म्हणेन. तुझ्या पाच पानांत मला तो दिसला नाही. तिथं सीनियर दिसली, मामा दिसले, गल्ली दिसली, आणि काही सुटून जाईल ही भीती दिसली. त्या सीनियरला भेटून तिचा मागचा मंगळवार सकाळी सातपासून रात्रीपर्यंत कसा गेला ते विचार. ती खरं सांगेल, मुली एकमेकींना सांगतात.

पश्चात्तापाबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात घे. विषयांमधले रस्ते दोन्ही बाजूंनी सारखे नसतात. गणितातून कॉम्प्युटरकडं आणि अर्थशास्त्राकडं जाणारा रस्ता मोठा आहे, उलटा फार अरुंद. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संख्यात्मक अर्थशास्त्राच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा काढून बघ, तिच्यात गणिताला किती वजन आहे ते कळेल. परदेशात अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्याला रिअल अ‍ॅनालिसिस, लिनियर अल्जेब्रा आणि प्रॉबेबिलिटीतले गुण आधी विचारतात. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा कॉम्प्युटर सायन्सचा पेपर गणितवाल्यालाही देता येतो. आणि गणित व कॉम्प्युटर किती जवळचे आहेत हे बघायचं तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटकडं बघ, तिथं गणित आणि कॉम्प्युटर सायन्स ही मुळात एकच बीएस्सी आहे. तेव्हा गणित मेजर घेऊन अर्थशास्त्र मागं ठेवलंस तर अर्थशास्त्र कुठं जात नाही. बाविसाव्या वर्षी त्याच्याकडं परत वळता येईल. गणित सोडून बाविसाव्या वर्षी परत वळणं फार जड जातं. मामांचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. नोकरीची काळजी त्यांची खरी आहे, पण तीन विषयांतला नेमका जो सोडू नये तो ते सोडायला सांगतायत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मेजर गणित. ज्या विषयासाठी तू ताटावरून उठलीस तो. अर्थशास्त्र मेजर म्हणून आत्ताच काढून टाक, फक्त मायक्रोइकॉनॉमिक्स आणि पुढं जमलं तर इकॉनॉमेट्रिक्स असे दोन पेपर वैकल्पिक म्हणून घे. राहिलं कॉम्प्युटर, दुसरा मेजर की मायनर?

याची एक परीक्षा सांगते. पहिल्या वर्षीचं प्रोग्रॅमिंग आवडलं यावर ठरवू नकोस, ते बहुतेकांना आवडतं. विभागाच्या यादीतले चौथ्या ते सहाव्या सेमिस्टरचे सक्तीचे पेपर काढ. ऑपरेटिंग सिस्टीम, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, नेटवर्क्स, डेटाबेस, कंपायलर अशी नावं असतील. गुणपत्रिकेवर मेजर म्हणून नाव येणार नसतं तरी हे शिकायला तुझे हात शिवशिवले असते का? असते, तर दुसरा मेजर घे. आणि मन जर अल्गोरिदम, ग्राफ थिअरी, मशीन लर्निंग इथंच अडकत असेल, तर ते सगळं गणिताच्याच घरातलं आहे. मायनरमध्ये ते पेपर बसतील, आणि नोकरीच्या मुलाखतीत कोडिंगचे प्रश्न विचारतात तेही त्यातूनच येतात. मुलाखत घेणारा मेजर की मायनर बघण्याआधी तू काय बनवलंयस ते बघेल.

तिसऱ्या सेमिस्टरला रिअल अ‍ॅनालिसिस, लिनियर अल्जेब्रा आणि डेटा स्ट्रक्चर्स हे तीन घे, बाकी सक्तीचं असेल ते. बेरीज २० च्या वर जाऊ देऊ नकोस. डेटा स्ट्रक्चर्स याच वेळी यासाठी, की कॉम्प्युटरचे पुढचे बहुतेक पेपर त्याच्यावर अवलंबून असतात. ते आत्ता केलंस तर दुसऱ्या मेजरचं दार उघडं राहतं आणि न घेतला तरी वाया जात नाही. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात सल्लागार प्राध्यापकांना मेल लिही. किती क्रेडिटं दोन्ही विषयांत धरतात, दुसरा मेजर नंतर सोडायचा तर शेवटची तारीख कोणती, आणि सोडला तर झालेल्या पेपरांवर मायनर मिळतो का, एवढंच विचार. मेलवरच विचार, तोंडी नको. उत्तर लेखी असलं की पुढं ऑफिसात कुणी वेगळं सांगितलं तर दाखवता येतं.

पैशाचंही बघ. शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज तोवर चढतच असतं. नववं सेमिस्टर बसावं लागलं तर त्याची फी, हॉस्टेल, मेस, वर व्याज, आणि स्कॉलरशिप चार वर्षांपुरतीच असेल तर तीही नाही. तो बोजा बाबांच्या पाळीवर आणि आईच्या शिवणाच्या मशीनवर येईल. दुसऱ्या मेजरमुळं आठ सेमिस्टरांच्या पुढं जायची वेळ येणार असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम कितीही आवडो, घेऊ नकोस. इथं मी आग्रही आहे.

आता गल्लीतल्या तीन डिग्र्यांचं. आई-बाबांनी ते अभिमानानं सांगितलंय, त्यांचं काही चुकलेलं नाही, त्यांना कुणी नीट समजावलंच नाही. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी चौकटींच्या वहीचा कागद घे आणि त्यावर १६० घरं आख. गणिताची ८० एका रंगानं भर, सक्तीची दुसऱ्या रंगानं, मग काय उरतं ते त्यांच्यासमोर मोज. ग्राफ पेपरवर घरं भरून डिझाइन कसं काढतात हे बाबांनी कारखान्यात बघितलेलं असणार, त्यांना मेजर-मायनर या शब्दांपेक्षा हा कागद लवकर कळेल. ताण्याच्या धाग्याचं त्यांना त्याच वेळी विचार. मला वाटतं, पुढचं ते स्वतःच बोलतील.

आणि पत्राच्या शेवटच्या पानावर तू सहज एक ओळ लिहून गेलीस. गच्चीवर रात्री दोनपर्यंत मोबाइलवर कोर्सची यादी चाळत बसलेली असताना आई वर आली आणि म्हणाली, “झोपायलीस का नाही गं तिकडं तरी?” तिला तू “हो” म्हणून सांगितलंस. सबंध पत्रात तुझ्या तब्येतीचं विचारणारी ती एकटी आहे. तिला खरं काय ते सांग.

जुलैत निघायच्या आधी तो रंगवलेला कागद घेऊन माझ्याकडं ये, विभागाची पेपरांची यादी प्रिंट करून आण. पत्ता संपादकांकडून घे. दुपारी चारनंतर ये, त्याआधी ऊन फार असतं.

तुझी,
मॅडम